चौकटी न आखता काढलेला चेहरा

धुळे, ४ फेब्रुवारी १९८८

ती. दाजींस,
अभिमनचा नमस्कार.

पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाकतोय, घरच्या नाही. घरी ते कोण उघडेल याची तुम्हाला धास्ती असेल, आणि खरं सांगायचं तर मलाही आहे.

सुरतेहून आल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही. मी तिथं गेलो कशाला, तर जळगावच्या एका व्यापाऱ्याच्या केळीच्या खोक्यांवर छापायच्या चित्राचे स्क्रीन करून घ्यायला. साड्या छापायच्या त्या कारखान्यात मी शिरतो काय, आणि लांब टेबलाच्या टोकाला एक पाठमोरा माणूस स्क्रीन उचलतोय काय! तुमची मान मी मागूनही ओळखतो. बारा वर्षं आम्ही तुम्हाला नाशिक, मुंबई, इंदूर करत शोधलं. तुमच्या आबांनी एक बुवा सोडला नाही विचारायचा. आणि तुम्ही सकाळी गाडीत बसलं की संध्याकाळी पोचावं एवढ्या अंतरावर साड्यांवर मोर छापत होतात.

वर तुम्ही म्हणालात काय? "अरे अभिमन, बस ना." जसा मी परवाच भेटून गेलो होतो!

घरी नेलंत. त्या बाईंनी चहा केला. माणूस म्हणून चांगल्या वाटल्या, उगाच वाईट बोलणार नाही. मुलगी दारात उभी राहून तुम्हाला पप्पा म्हणाली. तिचं नाव मी विचारलं नाही, मुद्दामच विचारलं नाही. नाव कळलं की माणूस आपलं वाटायला लागतं, आणि मला तिथं कुणी आपलं करून घ्यायचं नव्हतं.

मग बाहेर रस्त्यावर येऊन तुम्ही माझा हात धरलात आणि अक्काची शपथ घातलीत. कुणाला सांगू नकोस, आखाजीच्या आधी मी स्वतः सोनगीरला येतो, आबांसमोर आणि तानूसमोर बसून सगळं सांगतो. मी हो म्हणून मोकळा झालो. म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीपासून तिचाच नवरा लपवायचा, आणि तोही तिचीच शपथ घेऊन. कमाल आहे तुमची, दाजी.

एक मात्र ऐका. शपथ आखाजीपर्यंतच. त्यानंतर माझं तोंड माझ्या ताब्यात राहणार नाही.

अभिमन


फैजपूर, २६ फेब्रुवारी १९८८

ती. दाजींस,
नमस्कार.

उत्तर नाही. ठीक आहे, कामात असाल.

मी इथं एका सहकारी संस्थेच्या नव्या सभागृहाची भिंत रंगवतोय. एवढी मोठी भिंत मला आजवर मिळाली नव्हती. केळीची लावण, पाणी, घड कापणं, रेल्वेच्या वाघिणी भरणं, असं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गेरूत बुडवलेली दोरी ताणून सगळ्या भिंतीवर चौकटी आखून घेतल्या, तुम्हीच शिकवलं होतंत तशा. चेअरमनसाहेब रोज येऊन खाली खुर्ची टाकून बसतात. त्यांना चित्रात स्वतः पाहिजे आहेत, आणि तेही मध्यभागी. मी म्हटलं, साहेब, मध्यभागी हमाल आहे, त्याच्या डोक्यावर घड आहे, तो कुठं ठेवू? तेव्हापासून ते माझ्याशी फार बोलत नाहीत.

हे मी लांबण लावतोय कारण मुद्द्याला हात घालायला भीती वाटतेय. मंगळवारी परांचीवर होतो, खालून हाक आली, "अभिमन!" पाहतो तर तुमचे वडील. सोनगीरहून दोन बस बदलून फैजपूरला! या वयात, या उन्हात. मी घाईघाईनं उतरलो, मला वाटलं अक्काला काही झालं.

आबा आधी भिंतीकडेच बघत राहिले. "ह्या बठ्ठा तूच काढात?" म्हणाले. मी म्हटलं, हो, सगळं मीच. मग म्हणाले, "हिलाल बी आसंच काढे ना?" दाजी, ज्या माणसानं तुमचे रंगाचे डबे विहिरीत फेकले, ज्यावरून तुम्ही त्याच दुपारी घर सोडलंत, तो माणूस हे विचारत होता. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगलं काढायचे.

त्यांनी पिशवीतून तुमच्या लग्नाचा फोटो काढला. अक्काची बाजू मागे दुमडलेली होती, एकटे तुम्हीच दिसत होतात. "याना मोठा फोटू करी दे. रंगमा. बारा वरीस व्हई गयात, आते वाट देखाई जात नही."

तुम्ही बाहेर राहिलात म्हणून आपल्याकडचं विसरला असाल तर सांगतो. बारा वर्षं पत्ता लागला नाही की तो माणूस गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. आबांनी आखाजीचा आदला दिवस ठरवलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या नावानं घागर भरायची, तुमचं चित्र भिंतीला लावून त्याला हार घालायचा. आणि पुतळा उचलला की अक्काच्या बांगड्या आणि कुंकू.

मी म्हटलं, आबा, एवढी घाई कशाला? तर माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. "मी गया म्हंजे त्याले पानी कोन देई?" हा त्यांचा प्रश्न. राग नाही त्यात, दाजी. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही उपाशी-तहानलेले राहू नये म्हणून ते तुम्हाला जाळणार आहेत.

फोटो मी घेतला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तुम्ही माझ्या तोंडात बोळा घालून बंद केलंय. या. लवकर या. रडायला, पाया पडायला, शिव्या खायला, कशालाही या.

अभिमन


धुळे, १७ मार्च १९८८

ती. दाजींस,

फैजपूरचं काम संपलं. चेअरमनसाहेब शेवटी एका कोपऱ्यात आले, ट्रॅक्टरजवळ. उद्घाटनाला त्यांनी ते कुणाला तरी बोट करून दाखवलं आणि नंतर माझ्या पाठीवर थाप मारली. माणूस वाईट नाही, आपल्यासारखाच आहे. आपण चित्रात कुठं आहोत हे पहिल्यांदा बघणारा.

आता सोनगीरच्या तांबटांवर लिनोवर कोरून छाप करतोय. तुम्हाला आठवत असेल, हंड्यावर ठोके मारताना ते हंडा मांडीशी कसा धरतात ते. काळ्या शाईत तो हात फार छान उतरतो. छापायचं यंत्र माझ्याकडे नाही, कागदावर चमच्याची पाठ घासून छाप घेतो, बोटांना फोड आले आहेत. जळगावला प्रदर्शन लावायचं म्हणतोय. त्यातला एक छाप या पत्रासोबत आहे. तो तुमच्यासाठी नाही, त्या मुलीसाठी आहे. लहान पोरांना हंडे-कळश्या आवडतात.

रंगपंचमीला अक्काकडे गेलो होतो. तिनं मला पाट मांडून जेवायला वाढलं. तिच्या कपाळावरचं कुंकू नेहमीसारखंच ठसठशीत होतं. मी भाकरीकडे बघत जेवलो. "का रे, तोंड कसाले पाडी बठना?" म्हणाली. मी म्हटलं, तिखट लागलं.

तिला आबांनी सगळं सांगितलंय. ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही. बारा वर्षं तिनं जे काही नाही म्हणायचं ते म्हणून झालंय बहुतेक. फक्त एवढंच विचारलं, चित्र कधी होणार. मी म्हटलं, रंग वाळत नाही. दाजी, मार्च महिना, धुळ्याचं ऊन, आणि मी सांगतो रंग वाळत नाही! आबांनीही ऐकून घेतलं. त्यांनाही तो वाळायला नकोच असावा.

चित्राचं म्हणाल तर चाललंय. मेलेल्या माणसांची चित्रं हा माझा रोजचा धंदा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पासपोर्टएवढा फोटो आणतात आणि म्हणतात, कोट घाला, फेटा बांधा, जरा हसरे करा. मी फोटोवर चौकटी आखतो, कॅनव्हासवर चौकटी आखतो आणि एकेक चौकट उतरवत जातो. त्यात आपली अक्कल चालवायची नसते, म्हणून चूकही होत नाही. तुमच्या चित्राला मात्र मी चौकटी आखल्या नाहीत. तुमचा चेहरा काढायला मला दोरी कशाला लागते? हुबेहूब फोटोसारखं होतंय.

या पत्राला उत्तर पाठवा. शिवी लिहिलीत तरी चालेल.

अभिमन


धुळे, ३ एप्रिल १९८८

दाजी,

अक्काला कळलं.

शपथ मी मोडली नाही, म्हणजे तोंडानं नाही. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काल ती बाजार करायला धुळ्याला आली होती. घागर, लोटी, विस्तवावर नैवेद्य सोडायचं आगारीचं सामान. तुमच्याच घागरीचा बाजार, दाजी. बाजार उरकून ती माझ्या खोलीवर आली आणि म्हणाली, चित्र दाखव. मी म्हटलं, ओलं आहे. तिनं सरळ जाऊन वरचं फडकं काढलं.

बघत राहिली. मला वाटलं रडेल, म्हणून पाणी आणायला वळलो. तर मागून अगदी शांत आवाज आला, "अभिमन, हाऊ खड्डा कसाना शे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, चष्म्याची टेकणं रुततात तिथं, मी दोन खळगे काढले होते. सुरतेत तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत तेव्हा पाहिलेले. लग्नाच्या फोटोत तुम्हाला चष्मा कुठला? मग मला एकेक दिसायला लागलं. कानशिलांवरचे केस पांढरे. गाल उतरलेला. डोळ्यांखाली पिशव्या. मी चोविशीतला नवरदेव काढायला बसलो होतो आणि चाळिशीतला सुरतेचा माणूस काढून बसलो होतो. रोज त्यावर ब्रश फिरवला आणि मला दिसलं नाही. चौकटी आखल्या असत्या तर हात फोटोच्या बाहेर गेला नसता. माझी मिजास नडली, दुसरं काय.

"तू त्याले कव्हय देखं?" अक्कानं विचारलं.

मी ब्रश पुसायला घेतला. तिनं माझ्या खांद्याला धरून मला स्वतःकडे फिरवलं. लहानपणी मी पाटीवर काहीबाही काढून तिच्यावर ढकलायचो तेव्हा फिरवायची तसं. मग मी बोललो. कारखाना, खोली, ती बाई, मुलगी, सगळं. तुम्हाला वाचवायचं म्हणून एकही गोष्ट गाळली नाही आणि तुमच्यावर राग म्हणून एकही वाढवली नाही.

ती बाईबद्दल काही विचारील असं मला वाटत होतं. नाही विचारलं. म्हणाली, "येवढंच सांग. मन्हं कुकू पुसनार शेतस, हाई त्याले माहीत शे का?"

मी म्हटलं, "शे. मी लिहिलंय."

"अन् तो उना नही."

"अजून आखाजी लांब आहे, अक्का, येतील ते," मी म्हणालो. तुमच्या बाजूनं बोललो मी, लक्षात ठेवा.

तिनं फडकं परत चित्रावर घातलं, कोपरे नीट केले, हात धुतले आणि पिशवी उचलली. तुमचा पत्ता तिनं मागितला नाही. बसपर्यंत सोडायला गेलो तर वाटेत कैऱ्यांचा भाव विचारत होती. ती काय करणार आहे मला कळत नाही, आणि म्हणून मला जास्त भीती वाटते. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

आबांना अजून ठाऊक नाही. आता हे तुमच्यावर आहे. तुम्ही आलात तर एका माणसाला तोंड दाखवायची लाज वाटेल, ते म्हणजे तुम्ही. नाही आलात तर एक बाई जिवंत नवऱ्याची विधवा होईल आणि ते तिला माहीत असेल. बाकी काही हिशेब मला येत नाही.

अभिमन


धुळे, १२ एप्रिल १९८८

दाजी,

तुमचं कार्ड आज मिळालं. "चित्र पुरं कर. मी मेलेलाच सगळ्यांना बरा." संपलं. खाली सहीसुद्धा नाही.

मेलेले बरे कुणाला? आबांना? ते पळसाची पानं स्वतः निवडून आणतायत, फाटकी बाजूला काढतायत. अक्काला? की तुम्हाला? मरायचं तुम्ही आणि त्याचे सगळे सोपस्कार तिनं करायचे. तुम्ही तिकडे सकाळी उठून चहा पिऊन कामावर जाणार!

मला तुमचा इतका राग आलाय की कार्ड फाडलं, आणि मग तुकडे गोळा करून परत वाचलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, दुकानांच्या पाट्यांवर होतं तसं वळणदार. त्या अक्षराकडे बघून मी ब्रश हातात घेतला होता. आता ते बघवत नाही.

चित्र मी पुरं करणार नाही. पांढरे केस काळे करायला एक दुपार पुरे आहे, खळगे बुजवायला तर घटकाभर. कालपासून तीन वेळा ब्रश उचलून ठेवला. हात जात नाही. आहे तसंच घेऊन सोनगीरला जातोय. काय व्हायचं ते होईल.

सुरतेच्या गाडीनं नंदुरबारला उतरलात की तिथून सकाळी धुळ्याला बस येते. स्टँडवर मी रोज असतो.

अभिमन


सोनगीर, आखाजी, १९८८

श्री. हिलाल लोटन यांस,

मायना बदललाय, ते पाहिलंच असेल. कारण खाली कळेल.

काल सकाळची बस येईपर्यंत स्टँडवर उभा होतो. तुम्ही आला नाहीत. मग चित्र फडक्यात बांधून इकडे आलो.

अंगणात पुतळा बांधून ठेवला होता. भाऊबंद जमले होते, भटजी सामान मांडत होते. आबा भिंतीला टेकून बसले होते, एवढेसे झाले होते. बायका आत अक्काभोवती. तुमची आत्या धुरपदाबाई बांगड्यांचं करायला पुढं बसलेली. भटजी म्हणाले, उचला. तेवढ्यात अक्का बाहेर आली. पुरुषांच्या मधून चालत पुतळ्यापाशी आली आणि उभी राहिली.

"हाऊ पुतळा उचलू नका," म्हणाली. "तो जित्ता शे."

कुणाला वाटलं तिचं डोकं फिरलं. एकानं तिला आत न्यायला बायकांना हाक मारली. ती हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अभिमन, सोड ते फडकं."

मी सोडलं. गाठ सुटेना म्हणून दातानं ओढली. लोक बघायला लागले. कुणाला काही कळलं, कुणाला नाही. आबा उठले, काठी न घेता जवळ आले आणि चित्रासमोर अगदी नाक लावून उभे राहिले. पांढऱ्या केसांवर बोट फिरवलं, गालांवर फिरवलं. बोटाला रंग लागला नाही. वाळला होता.

"म्हतारा व्हई गया रे मन्हा पोऱ्या," म्हणाले, आणि तिथंच जमिनीवर बसले.

मला त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग आबांनी स्वतः पुतळ्याची सुतळी सोडायला घेतली. पानं मोकळी झाली, ती कुणीतरी गोळा करून नेली. भटजींनी सामान आवरलं. लोकांना जायचंही सुचेना आणि थांबायचंही.

अक्का आत गेली होती. मला वाटलं, संपलं, वाचली. मी आरशाच्या कोनाड्यापाशी पोचेपर्यंत तिनं ओल्या पदरानं कपाळ पुसलं होतं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होती. धुरपदाबाईनं कपाळावर हात मारला, "आवं, जित्ता नवरानं कुकू कोनी पुसस का!"

"मी पुसं, आत्या," अक्का म्हणाली. "तुमी हात नका लावा. तो मरना म्हनीसन नही पुसं. त्याले माहीत व्हतं अन् उना नही, म्हनीसन पुसं."

बांगड्या तिनं ठेवल्या. म्हणाली, ह्या माझ्या बापानं भरल्या होत्या.

तेव्हा तुमचं-माझं नातं संपलं, हिलालभाऊ. तुम्ही आता माझे दाजी नाही. आबांनी मात्र सगळ्यांदेखत सांगितलं, "तानू मन्ही पोर शे, हाई आठेच ऱ्हाई." जमिनीच्या उताऱ्यावर, चुलीवर, दारावर कुणी तिला बोट दाखवलं तर माझ्याशी गाठ आहे, असंही म्हणाले. एवढं जोरात बोलताना मी त्यांना ऐकलं होतं ते त्यांनी तुमचे डबे फेकले त्या दिवशीच.

आज आखाजी. आबांनी त्यांच्या वडिलांच्या नावानं घागर भरली, आजोबांच्या नावानं भरली. बाजारातून आणलेली तिसरी घागर अक्कानं चुलीजवळ ठेवली, पिण्याचं पाणी भरून. सगळे तिचंच पाणी पितायत.

चित्र भिंतीला लावलेलं नाही, हार तर नाहीच. आबांनी ते खाटेशेजारी टेकवून ठेवलंय. दुपारी मला हळूच विचारलं, "खोकला-बिकला नही ना त्याले?" मी म्हटलं, नाही. पत्ता विचारला असता तर दिला असता, पण त्यांनी विचारला नाही. तुम्ही त्यांना लिहा किंवा लिहू नका, ते तुमचं तुम्ही बघा.

मी परवा जळगावला जातोय. लिनोचे छाप लावायला अक्का सोबत येणार आहे. तिला म्हटलं, मी हिलालला शेवटचं पत्र लिहितोय, काही निरोप? ती सांजोऱ्या तळत होती. झारा कढईवर धरून तिनं विचार केला, तेल सगळं निथळेपर्यंत.

"त्याले सांग," म्हणाली, "जित्ता ऱ्हाय."

अभिमन